हणमंतरावांचं अनुमोदन

आमच्या मंडळात सभा कशी सुरू होते ते आधी सांगते, म्हणजे हणमंतराव कोण हे वेगळं सांगावं लागणार नाही. नामदेवराव उठतात, घसा साफ करतात आणि म्हणतात, "आजच्या सभेचं अध्यक्षस्थान हिम्मतरावांनी स्वीकारावं अशी मी सूचना मांडतो." मग थोडा वेळ शांतता. मग खिडकीकडच्या तिसऱ्या खुर्चीवरून हणमंतराव उठतात, सदऱ्याचं वरचं बटण चाचपतात आणि म्हणतात, "मी या सूचनेला अनुमोदन देतो." टाळ्या पडतात. हिम्मतराव या सगळ्याच्या आधीच मधल्या खुर्चीवर बसलेले असतात. ते अर्धवट उठल्यासारखं करून परत बसतात आणि सभा सुरू होते.

हे बावीस वर्षं असंच चाललं होतं. त्यातली अकरा मी पाहिली, कारण अकरा वर्षं मी या मंडळाची चिटणीस आहे. चिटणीस म्हणजे इतिवृत्त लिहायचं, चहा सांगायचा आणि आभारात ज्यांचं नाव राहिलं त्यांचे फोन घ्यायचे. आमचं हे मराठी मंडळ हैदराबादला काचीगुड्यात, स्टेशनमागच्या गल्लीत. एक सभागृह, मागे एक खोली आणि पुढे चपला काढायला ओटा. कुणी काही महत्त्वाचं बोलायला लागलं की नेमकी गाडीची घोषणा होते, आणि ती तेलुगू, हिंदी आणि इंग्रजीत संपेपर्यंत वक्ते छताकडे बघत उभे राहतात.

हणमंतरावांचं वय एकाहत्तर. मूळ उदगीरकडचं शेतकरी घर. वडील हैदराबादला पाणीपुरवठा खात्यात शिपाई म्हणून आले, हे त्याच खात्यात कारकून म्हणून लागले आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. नोकरीत त्यांचं काम काय होतं, तर इंजिनिअरनं मोजमाप लिहायचं आणि यांनी शेजारी 'तपासले' असं लिहून सही करायची. "खरंच तपासत होता का हो काका?" मी एकदा विचारलं. ते जरा दुखावले. "इंजिनिअर म्हणजे शिकलेला माणूस," म्हणाले. "तो कशाला चुकीचं लिहील?"

त्यांची बायको कुसुमताई याहून स्पष्ट बोलते. "घरात मी सूचक, हे अनुमोदक," ती कुणालाही सांगते. "सेहेचाळीस वर्षं झाली. एकदाही सभा तहकूब झालेली नाही."

आता हिम्मतराव. त्यांचं बेगम बाजारात हळद-मिरचीचं घाऊक दुकान आहे. माणूस वाईट नाही, हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे ते विसरायला होईल. बावीस वर्षांपूर्वी ते मंडळाला एक पंखा देणगी द्यायला आले होते. त्या वेळचे अध्यक्ष चिकनगुनियानं अंथरुणाला खिळलेले. पंखा मधल्या खुर्चीच्या वर लागला आणि तो नीट फिरतो का हे बघायला हिम्मतराव त्याच्याखाली बसले. तेवढ्यात सभा सुरू झाली. कुणीतरी त्यांना हार घातला. दुसऱ्या वर्षी ते आपणहून तिथे बसले, चौथ्या वर्षी उशिरा येऊ लागले, सातव्या वर्षी त्यांना घ्यायला दोघांनी ओट्यापर्यंत जावं असं त्यांना वाटू लागलं आणि दोघं जाऊही लागले. कुणाला पुढारी व्हायचं असेल तर एवढंच लागतं, असं माझं अकरा वर्षांच्या इतिवृत्तांवरून झालेलं मत आहे. एक पंखा, एक खुर्ची, आणि उठून अनुमोदन देणारा एक माणूस.

मधल्या काळात हिम्मतरावांनी चार वेळा राजीनामा दिला होता. चारही वेळा ते चपला घालायला ओट्यावर गेले, चारही वेळा नामदेवरावांनी 'राजीनामा मागे घ्यावा' अशी सूचना मांडली आणि चारही वेळा हणमंतरावांनी तिला अनुमोदन दिलं. एक पाय चपलेत असतानाच हिम्मतराव परत फिरायचे.

गोष्ट मागच्या खोलीची आहे. तिथे दर रविवारी सकाळी तारामतीबाई मुलांना मराठी वाचायला शिकवतात. तारामतीबाई सरकारी दवाखान्यात नर्स आहेत. रविवार मोकळा मिळावा म्हणून शनिवारची रात्रपाळी घेतात आणि तिथून सरळ इकडे येतात. घर नांदेडकडचं, बौद्ध. सभेला त्या नेहमी शेवटच्या रांगेत दाराशी बसतात आणि पर्स मांडीवरच ठेवतात. त्यांना तिथे बसा असं कुणी कधी म्हटलेलं नाही. पुढे या असंही कुणी म्हटलेलं नाही, मीसुद्धा नाही.

वर्ग त्यांनी का काढला हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे वडील गेले त्याच्या आठवडाभर आधी त्यांनी नातवाला, प्रबुद्धला, पत्र लिहिलं होतं. प्रबुद्ध तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. पत्र आलं तेव्हा तो ते उघडून बघत बसला आणि मग आईला म्हणाला, मम्मी, तूच वाचून दाखव. "आजोबांनी त्याला काही खासगी लिहिलं होतं," तारामतीबाई म्हणाल्या. "आईनं वाचू नये असं. आणि वाचलं मी." पुढच्या महिन्यात त्यांनी मागची खोली मागितली. सहा मुलं आली. आता सतरा आहेत. हणमंतरावांची दहा वर्षांची नात मेधा त्यातलीच.

जुलैत कार्यकारिणीची सभा झाली. सहावा विषय होता: 'मागील खोलीत अध्यक्षांसाठी दालन करणे.' वर्षातून चार वेळा भरणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षाला दालन कशाला, हे कुणी विचारलं नाही. नामदेवरावांनी ठराव वाचला. नारायणगुड्यातल्या शाळेत हेडमास्तर होते ते. आवाज अजून खणखणीत आहे, पण दात नवे आहेत, त्यामुळे लांब वाक्याचा मधला भाग जरा गडप होतो. दिवाळीनंतर खोली रिकामी करावी, मुलांच्या वर्गाची सोय 'इतरत्र, यथावकाश' करावी, असं ते वाक्य होतं. मग नेहमीची शांतता.

त्या क्षणी हणमंतरावांचं उस्मानिया बिस्कीट चहात पडलं होतं. ते चमच्यानं काढायला जावं तर ते आणखी फुटत होतं. त्यांना ठराव ऐकूच आला नाही. शांतता मात्र ऐकू आली. हणमंतराव शब्दांवर कधी उठत नसत, शांततेवर उठत. चमचा बशीत ठेवून ते उठले, बटण चाचपलं आणि म्हणाले, "मी या ठरावाला अनुमोदन देतो." आणि परत बिस्किटाकडे वळले.

यात माझाही वाटा आहे. 'अनुमोदक: हणमंतराव' हे मी सभेच्या आधीच लिहून ठेवलेलं होतं. सगळ्या विषयांपुढे. वेळ वाचतो.

पुढच्या रविवारी ते मेधाला घ्यायला आले. मी तिथे वह्या कपाटात ठेवत होते. मुलं चपला शोधत होती, आणि मेधा ओट्यावरूनच ओरडली, "आजोबा, दिवाळीनंतर क्लास नाही! रूम कुणाला तरी पाहिजे म्हणे. आत्ता कुठं मला जोडाक्षरं येतायत! कुणी डिसाइड केलं हे?"

"कुणी केलं हो बाई?" हणमंतरावांनी तारामतीबाईंना विचारलं. खरोखर रागावून विचारलं.

तारामतीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग फळ्याकडे बघितलं आणि फळा पुसायला लागल्या. "मंडळानं केलं काका," म्हणाल्या.

ते माझ्याकडे आले. मी इतिवृत्ताची वही काढून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी चष्मा लावून सहावा विषय वाचला, मग आपलं नाव वाचलं, मग पुन्हा सहावा विषय वाचला.

"हे मी कधी म्हणालो?"

"बिस्कीट पडलं तेव्हा."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मेधा त्यांचा हात ओढत होती. "तिला सांगू नका," एवढंच म्हणाले आणि गेले. मला त्यांचा राग आला होता खरं तर, आणि माझाही. पण त्यांना असं भिंत धरून ओट्यावरून उतरताना पाहिलं तेव्हा तो राग टिकला नाही.

कार्यकारिणीचा ठराव वार्षिक सर्वसाधारण सभेत मंजूर व्हावा लागतो. ती सप्टेंबरात होती. म्हणजे दोन महिने होते. हणमंतरावांनी ठरवलं की आपण हिम्मतरावांशी समोरासमोर बोलायचं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी स्वतःहून काही ठरवलं म्हणून कुसुमताईनं त्यांना इस्त्रीचा सदरा काढून दिला.

बेगम बाजारात त्या दुकानात मिरचीच्या पोत्यांमधून आत जावं लागतं. हणमंतराव आत पोचेपर्यंत शिंकांनी बेजार झाले. हिम्मतरावांनी त्यांना पाणी दिलं, चहा मागवला, पंखा त्यांच्याकडे वळवला.

"काय परेशानी आहे हणमंतराव? तुम्ही इतक्या दूर आलात!"

"ती मागची खोली..." हणमंतराव म्हणाले आणि शिंकले.

"हौ, हौ, तेच सांगतो ना. उद्या कुणी मोठा माणूस भेटायला आला तर मी त्याला बसवू कुठं? चपलांच्या ओट्यावर? मला माझ्यासाठी नको हो काही. पण अध्यक्षाला बसायला जागा पाहिजे की नको? तुम्हीच सांगा."

आणि हणमंतराव म्हणाले, "हौ."

हे मला कुसुमताईनं सांगितलं. ते घरी आले ते अर्धा किलो हळद घेऊन, हिम्मतरावांनी पिशवीत घालून दिलेली. ती त्यांनी स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवली आणि जेवायला नको म्हणाले. "मी म्हटलं, काय झालं?" कुसुमताई सांगत होती. "तर म्हणाले, तोंडातून बाहेरच पडतं गं. मी म्हणायच्या आधी." ती हसत हसत सांगत होती, पण शेवटी हसू तसंच राहिलं नाही. "रोज संध्याकाळी मेधा यांना धडा वाचून दाखवते," म्हणाली. "अडखळली की यांच्याकडे बघते. हे मान खाली घालतात."

सप्टेंबरातल्या त्या रविवारी सभागृह भरलेलं होतं. साठेक माणसं होती. हिम्मतरावांना घ्यायला दोघं ओट्यापर्यंत गेले. नामदेवरावांनी अध्यक्षस्थानाची सूचना मांडली, हणमंतरावांनी अनुमोदन दिलं, टाळ्या पडल्या. मला वाटलं, झालं. पुढचं सगळं आता याच चालीवर जाणार. तरी मी या वेळी वहीत चौथ्या विषयापुढची अनुमोदकाची जागा कोरी ठेवली होती. धैर्य म्हणून नव्हे, लाज वाटली म्हणून.

चौथा विषय दालनाचा. नामदेवरावांनी ठराव वाचला. या वेळी सावकाश वाचला, का ते माहीत नाही. "वर्गाची सोय इतरत्र, यथावकाश" हे शब्द मागच्या भिंतीपर्यंत पोचले. शेवटच्या रांगेत तारामतीबाईंनी पर्सचा पट्टा हाताभोवती गुंडाळून घेतला.

शांतता झाली.

हणमंतराव बसून होते.

शांतता नेहमीपेक्षा लांबली तेव्हा लोक वळून तिसऱ्या खुर्चीकडे बघायला लागले. हिम्मतराव झोपलेल्याला हाक मारावी तसे म्हणाले, "हणमंतराव?"

"ऐकतोय मी."

"मग?"

"ऐकलं म्हणूनच बसलोय."

कुणीतरी मागे हसलं. हणमंतरावांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले होते, गुडघे आपणहून उठतील अशी भीती असल्यासारखे. "जुलैत मी न ऐकता उठलो," ते म्हणाले. आवाज लहान होता, पण स्वच्छ. "चहात बिस्कीट पडलं होतं. चूक झाली. त्या खोलीत माझी नात वाचायला शिकते. माझं अनुमोदन नाही."

"ठीक आहे, नसेल," हिम्मतराव म्हणाले. ते अजून चिडलेले नव्हते, चक्रावले होते. "दुसरं कुणी द्या."

साठ माणसांत दुसरं कुणी नव्हतं. भगवंतराव अर्धे उठले, पण त्यांची नातवंडंही त्याच वर्गात होती आणि त्यांच्या बायकोनं सदरा धरून त्यांना खाली बसवलं. हिम्मतरावांचा पुतण्या रितेश भिंतीला टेकून मोबाइल बघत होता, त्यानं हात वर केला. "मी देतो ना, काका."

"तू सभासद नाहीस," मी म्हटलं. अकरा वर्षांत सभेत मी एवढं मोठ्यानं कधी बोलले नव्हते. मंडळाच्या घटनेत अनुमोदकाबद्दल दोनच ओळी आहेत: तो सभासद असावा, आणि सूचक व अनुमोदक एकच नसावेत.

ठराव पडला. मी तसं लिहिलं. तारामतीबाईंनी पर्स मांडीवरून काढून खाली जमिनीवर ठेवली.

हिम्मतराव आता चिडले. चेहरा लाल झाला, उठले. "बावीस वर्षं मी या मंडळासाठी झिजलो," म्हणाले. "आणि आज मला बसायला एक खोली नाही? हा घ्या राजीनामा. चालवा मंडळ तुम्हीच." आणि ओट्याकडे निघाले.

नामदेवराव लगेच उठले. त्यांनाही सवय होतीच. "अध्यक्षांनी राजीनामा मागे घ्यावा अशी मी सूचना मांडतो."

पुन्हा सगळे तिसऱ्या खुर्चीकडे बघायला लागले. मी हणमंतरावांच्या समोरच बसले होते, म्हणून मला दिसलं. त्यांचा उजवा हात वर गेला, बटणापर्यंत पोचला आणि तिथे थांबला. त्यांचे डोळे भरले होते. हिम्मतरावांवर त्यांचा खरंच जीव होता. बेगम बाजारात त्यांच्यासाठी पंखा वळवणारा माणूस होता तो. बाहेर गाडीची घोषणा सुरू झाली, तेलुगूत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. हात परत गुडघ्यावर आला. घोषणा संपली तेव्हा गल्लीतून मोटार निघाल्याचा आवाज येत होता. या वेळी दोन्ही पाय चपलांत गेले होते.

मधली खुर्ची रिकामी आणि वर पंखा फिरतोय, असं दृश्य आमच्यापैकी बऱ्याच जणांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. काय करावं ते कुणाला कळेना. एक-दोघं चहाचं काय झालं ते बघायला निघाले. नामदेवराव उभेच होते. सूचना न मांडता त्यांना खाली बसता येत नाही.

"अध्यक्षांशिवाय सभा चालत नाही," ते शेवटी म्हणाले. इकडेतिकडे बघितलं. "तर येत्या वर्षासाठी मंडळाचं अध्यक्षपद हणमंतरावांनी स्वीकारावं, अशी मी सूचना मांडतो."

शांतता.

सगळे उठणाऱ्या माणसाची वाट बघत होते, आणि तो माणूस म्हणजे नाव सुचवलेला माणूसच होता, हे हळूहळू लोकांच्या लक्षात यायला लागलं. मागे शेवटच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, तारामतीबाई उठत होत्या. पण त्यांच्या आधी खिडकीकडची तिसरी खुर्ची करकरली. हणमंतराव उभे राहिले. बटण चाचपलं.

"मी या सूचनेला अनुमोदन देतो."

सभागृहात हशा पिकला. मीही हसले. नामदेवराव कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो हणमंतराव, तुमचंच नाव आहे ते! बसा, बसा खाली!"

हणमंतराव बसले नाहीत. हसू ओसरेपर्यंत ते तसेच उभे राहिले, आणि ते बसत नाहीत हे पाहून ते आपोआप ओसरलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"माझंच आहे, माहीत आहे," ते म्हणाले. "या वेळी ऐकून उठलोय."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घटना काढली, ते पान काढलं, दोन्ही ओळी वाचल्या. सभासद असावा. होते. सूचक आणि अनुमोदक एकच नसावेत. नव्हते. तिसरी ओळ नव्हती. मी वही पुढे ओढली आणि लिहिलं: सूचक, नामदेवराव. अनुमोदक, हणमंतराव. अकरा वर्षांत त्यांचं नाव मी पहिल्यांदाच, त्यांनी म्हटल्यानंतर लिहिलं.